स्लीव्ह सर्जरीनंतर भाकरी-पोळी कधीपासून खाता येते? आधी काही तयारी करावी लागते का?

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी खाता येते, पण सुरुवात आमटीत किंवा ताकात कुस्करलेल्या भाकरीने करा. पोळी आणि मोकळा भात त्यानंतर. वजन कमी करण्यासाठीच्या या स्लीव्ह सर्जरीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीवरची शिवण भरून यायला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त पातळ: वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. मी अशाच रुग्णांची आहारतज्ज्ञ आहे. सगळ्यात जास्त तक्रार येते ती पोळीची. नीट चावली नाही की तिचा चिकट गोळा होतो, छातीत अडकल्यासारखं वाटतं आणि तोंडाला फेसाळ पाणी सुटतं. त्यामुळे घास सुपारीएवढा घ्या, आधी पनीर, अंडं किंवा डाळ संपवा (दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं हवीत) आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. ही सवय आत्तापासूनच लावून घ्या.

तयारी म्हणाल तर:
- सर्जरीआधी दोन आठवडे भात, पोळी, साखर कमी. यकृतातली चरबी उतरते, ते आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं जातं
- बी-12, डी, लोह यांची तपासणी. शाकाहारी असाल तर नक्कीच
- तंबाखू, सिगारेट बंद

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र सर्जरीआधीचा हा आहार स्वतःहून सुरू करू नका. डोस न बदलल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.