लोकर-रेशमाचा धागा टकळीवर का सुटतो?

तुमचा प्रश्न असा, की सुती पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, टकळीवर छान कातता येतात, पण लोकर-रेशमाची मिश्र पट्टी (कातायला तयार, सरळ केलेल्या तंतूंची) आणल्यापासून धागा सारखा सुटतोय. मग आजोबांचा पेटी चरखा काढावा का?

चरखा राहू द्या. त्याचं रूप येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ठरवलं, म्हणजे आपल्या गावचाच तो, पण त्याची चाती, म्हणजे धाग्याला पीळ देणारी सळई, फिरते कापसाच्या हिशेबाने, फार वेगात. लांब तंतूला एवढा पीळ बसला की धाग्याची तार होते. टकळीच बरी, जरा जड घ्या.

खरी गडबड हातांतल्या अंतराची असावी. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचा सात-आठ, रेशमाचा बहुधा त्याहून लांब. कापसाच्या सवयीने दोन्ही चिमटी जवळ धरल्या, की एकाच तंतूची दोन्ही टोकं आपल्याच हातात असतात. तो सरकत नाही, आपण जोर लावतो आणि पीळ न बसलेली जागा फस्सकन सुटते. हात चांगले वीतभर लांब ठेवा. पट्टीचा बोटभर तुकडा तोडून तर्जनीवर आडवा दुमडा आणि त्या घडीतून काता. लोकरीच्या तंतूला खवले असतात, रेशीम गुळगुळीत. म्हणून ते एकटंच पुढे पळतं. घडीतून घेतलं की दोघं बरोबर येतात.

प्रमाण ८० टक्के लोकर, २० टक्के रेशीम असं घ्या. निम्मंनिम्मं दिसतं झकास, शालीला चालेलही, पण स्वेटर चार दिवसांत लोंबतो. रेशीम ताणलं की लोकरीसारखं परत येत नाही.

घरी मिश्रण करायच्या फंदात मात्र पडू नका. मी घोंगडीची दख्खनी लोकर आणि जुन्या साडीचे कापलेले रेशमी धागे एकत्र पिंजले होते. आई म्हणाली, "उंदराने घर केलंय का गं?" राठ लोकरीत रेशीम टिकतच नाही, गुठळ्या होतात.

थंडीत तंतू उडायला लागले तर पाण्याचा हलका फवारा मारा. हात फुटले असतील तर आधी साखर-खोबरेल चोळा, नाहीतर रेशीम प्रत्येक भेगेत अडकतं.

आणि हो, पट्टीतला एक चकचकीत तंतू जाळून बघा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. कागदासारखा आला, तर तुम्हाला 'बांबू सिल्क' म्हणजे व्हिस्कोज, वनस्पतीच्या लगद्यापासून केलेला धागा, विकलंय.