दसऱ्याच्या सुट्टीत नातवंडांसह वाळवंटात राहणे आजी-आजोबांना झेपते का?

पासष्टी ओलांडलेल्या आजी-आजोबांनी दसऱ्याच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन जैसलमेरच्या वाळवंटात चार दिवस उघड्यावर राहावे का, आणि उंटावर बसण्याखेरीज तिथे मुलांना करण्यासारखे काय आहे, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला शेतकरी आहे आणि माझे वय 69 आहे. काही वर्षांपूर्वी मी, माझी पत्नी, मुलगा, सून आणि 11 व 7 वर्षांची दोन नातवंडे असे सहा जण तिथे राहून आलो. त्या अनुभवावरून सांगतो की आपण अवश्य जावे, मात्र पाच दिवसांत सात ठिकाणे करण्याऐवजी एकाच गावात किमान तीन रात्री राहावे. वाळवंटात बाहेर पडण्याजोगी वेळ म्हणजे पहाट, सकाळ आणि संध्याकाळ एवढीच असते, आणि धावपळीच्या सहलीत नेमकी तीच वेळ मोटारीत जाते.

कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी मोठी असते आणि आमच्याकडे भातकापणी त्यानंतर सुरू होते, म्हणून सोने लुटून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. बेंगळुरूहून जोधपूरला जाणारी गाडी हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे या मार्गाने जाते, त्यामुळे सामानासह वाटेत गाडी बदलण्याचा त्रास झाला नाही. जोधपूरहून पुढे रात्रीच्या गाडीने जैसलमेर गाठले. दसरा ऑक्टोबरच्या आरंभी आला तर तिथे दुपारचे तापमान 37 अंशांच्याही पुढे जाते, महिनाअखेरीस ते 35 च्या आसपास येते आणि रात्री 20 पर्यंत उतरते. तेव्हा पंचांग पाहून तारखा ठरवाव्यात. दसरा लवकर असेल त्या वर्षी दिवाळीनंतरचा आठवडा ज्येष्ठांना अधिक सोसेल.

राहण्यासाठी आम्ही खुरी गावाची बाजू निवडली. जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या सम गावच्या वाळूच्या टेकड्या अधिक प्रसिद्ध आहेत, पण तिथे तंबूंची गर्दी असते आणि ध्वनिवर्धक रात्री उशिरापर्यंत चालू असतात. खुरीकडे मातीने सारवलेल्या गोल झोपड्या मिळतात आणि सांगितल्यास अंगणात खाट टाकून देतात. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याचा हट्ट मात्र कोणी धरू नये. त्या दिवसांत रात्री उबदार असतात, विंचू आणि फुरसे बाहेर हिंडतात. त्यामुळे खाट, हाताशी विजेरी आणि सकाळी पायात घालण्यापूर्वी झटकलेले बूट या तीन गोष्टींत सवलत नाही. पहाटे गारवा चांगलाच वाढतो. आम्ही घरून घोंगडी नेली होती आणि ती रोज उपयोगी पडली.

प्रकृतीविषयी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नीच्या पोटऱ्यांत वांब आले आणि तिला भोवळ आली. आमच्याकडे उन्हात काम केले की घाम निथळतो, अंग भिजते आणि माणूस आपोआप पाण्याकडे वळतो. तिथल्या कोरड्या हवेत घाम येताक्षणीच वाळतो. अंग कोरडेच राहते, तहानही फारशी लागत नाही, आणि शरीरातले पाणी व मीठ मात्र जात राहते. क्षार-साखरेचे पाणी घोटघोट पाजून तासाभरात तिला बरे वाटले. त्यानंतर सुनेने सर्वांसाठी नियम केला, की तहान असो वा नसो, दर अर्ध्या तासाला पाणी प्यायचे आणि सकाळी दहा ते दुपारी चार सावली सोडायची नाही. आपल्यापैकी कोणाला रक्तदाबाची किंवा मूत्र वाढवणारी औषधे चालू असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना पाण्याचे प्रमाण अवश्य विचारावे, कारण मोठे रुग्णालय टेकड्यांपासून तासभर दूर असते.

उंटाविषयी थोडक्यात लिहितो. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो; बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही तोच झोक येतो. दोन्ही वेळा मागे रेलून घट्ट धरावे. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी उंटगाडी घ्यावी, आम्ही दोघांनी तीच घेतली.

मुलांना काय करता येते, या प्रश्नावर मला अधिक लिहावेसे वाटते, कारण आम्हा आज्जा-आज्जीचे खरे काम तिथेच होते. पहाटे साडेपाचला मी नातवंडांना घेऊन अनवाणी टेकडीवर जात असे. ज्या बाजूने वारा येतो तो उतार सौम्य आणि घट्ट असतो, पलीकडचा तीव्र आणि भुसभुशीत असतो. म्हणून माझ्यासारख्याने अलीकडून चढावे आणि मुलांनी पलीकडे घसरत जावे. ऊन वर येण्यापूर्वी वाळूवर रात्रीचा सगळा वावर उमटलेला दिसतो. भुंगेऱ्याची धावदोऱ्यासारखी बारीक ओळ, उंदराच्या उड्या आणि त्यांच्या मागे गेलेली खोकडाची पावले ओळखत आम्ही रोज तास-दीड तास घालवला. सात वर्षांच्या नातीने एका सकाळी उंदराचे ठसे जिथे अचानक संपले तिथे बसून, “आज्जा, हा इथनं पुढं गेलाच नाही की,” असे म्हटले, आणि बाजूला पक्ष्याच्या पंखांचे दोन फटकारे तिनेच शोधून दाखवले.

दुसरी गोष्ट झाडाची. गावाबाहेर काटेरी, बारीक पानांची झाडे दूरदूर उभी होती. तिथे त्यांना खेजडी म्हणतात, आणि ती म्हणजे आपली शमी. आमच्या भागात दसऱ्याला आपट्याबरोबर शमीचीही पाने देतात. कानडी शेजारी तिला बन्नी म्हणतात आणि पाने हातात ठेवताना “बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण”, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या, असे म्हणतात. ज्या झाडाची पाने मुलांनी चार दिवसांपूर्वी वाटली होती, त्याच झाडावर तिथल्या माणसांचे आणि जनावरांचे पोट चालते, हे त्यांना डोळ्यांनी पाहता आले. पाला शेळ्या-उंटांना जातो, आणि शेंगा वाळवून ठेवलेली सांगरी केर या रानफळाबरोबर भाजीत शिजते. बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी आम्हाला इतकी आवडली की घरून नेलेली शेंगा चटणी मागे पडली. जोधपूरपासून सुमारे 25 किलोमीटरवर खेजडली गाव आहे, जिथे 1730 साली अमृतादेवींच्या पुढाकाराने बिश्नोई पंथाच्या 363 जणांनी हीच झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून त्यांना मिठी मारून प्राण दिले. परतीच्या वाटेवर आम्ही तिथे थांबलो. मोठा नातू तिथे बराच वेळ काही बोलला नाही.

शेतकरी म्हणून मला सर्वांत अधिक शिकवले ते खडीनने, म्हणजे पावसाचे पाणी अडवून केलेल्या तिथल्या शेताने. आमच्या कणकुंबीला जुलैतल्या एखाद्या दिवसात पडू शकतो तितका पाऊस जैसलमेरला वर्षभरातही कधीकधी पडत नाही. तिथली वर्षाची सरासरी 200 मिलिमीटरच्या आत आहे. त्यामुळे खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी सखल जागी लांबलचक मातीचा बांध घालून अडवतात, ते तिथेच मुरू देतात, आणि पाणी ओसरले की त्याच जमिनीत गहू आणि हरभरा पेरतात. जैसलमेरच्या परिसरात पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत अनेक शतकांपूर्वी रुजवली. आम्ही गेलो तेव्हा पेरणीची तयारी चालू होती. मी ओली ढेकळे हातात घेऊन मुलांना दाखवली आणि सांगितले की सौंदत्ती-गोकाककडच्या काळ्या रानातला हरभराही असाच नुसत्या ओलीवर येतो. वाळवंटात शेती पाहायची असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच काळ योग्य आहे, आणि गाडीवाल्याला खडीन दाखवायला मुद्दाम सांगावे लागते.

कोजागिरी आम्ही वाळूवर केली. शेळीचे दूध आटवले, त्यात घरून नेलेला बेळगावचा कुंदा कुस्करून घातला आणि चांदण्यात बसून प्यायलो. पौर्णिमेला तारे फारसे दिसत नाहीत, तरी ध्रुव दिसतो. हात ताठ धरून मूठ आडवी केली की ती आकाशातले सुमारे दहा अंश झाकते. आमच्या अंगणातून ध्रुव क्षितिजापासून दीड मूठ वर असतो, तिथे तो पावणेतीन मुठी वर होता. आपण उत्तरेला किती आलो हे नातवाने नकाशाशिवाय मोजले, आणि मग सर्वांच्या मुठींनी पुन्हा मोजून घेतले. ज्यांना ताऱ्यांसाठी जायचे आहे त्यांनी पौर्णिमेनंतर आठवडाभराने जावे. तेव्हा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी आकाश काळेभोर मिळते.

किल्ला, गडीसर तलाव आणि आकल येथील 18 कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे अश्म एका दिवसात होतात. तो दिवस शेवटी ठेवावा, म्हणजे थकवा आला तरी शहर जवळ असते. सीमेजवळचे तनोटचे मंदिर खुरीहून लांब पडते, म्हणून आम्ही ते सोडले आणि त्याची खंत वाटली नाही.

आपल्यापैकी एकाला रात्र उघड्यावर काढणे शक्य नसेल, तर पक्की खोली घ्यावी, अंगणातल्या खाटेवर दहापर्यंत मुलांसोबत पडून राहावे आणि मग आत जाऊन झोपावे. पत्नीने दुसऱ्या रात्रीपासून असेच केले, आणि पहाटे टेकडीकडे निघताना मुलांना उठवायला तीच सर्वांआधी बाहेर आलेली असे.