संग्रहालयात वस्तू सुरक्षित असतात, मग आदिवासींना त्या परत कशाला हव्यात?

‘सुरक्षित’ कोणाच्या दृष्टीने, ते आधी बघा. कॅनडातल्या हायस्ला लोकांच्या एका सरदाराने 1872 मध्ये देवीच्या साथीत गेलेल्या आपल्या माणसांसाठी नऊ मीटर उंच लाकडी खांब कोरून घेतला. 1929 मध्ये तो त्यांना न विचारता कापून स्वीडनला नेला. 1991 मध्ये त्याचा पत्ता लागला. पुढची पंधरा वर्षं नुसत्या वाटाघाटी! हायस्लांनी बदल्यात नवा खांबही कोरून दिला, तेव्हा कुठे 2006 मध्ये मूळ खांब घरी आला.

संग्रहालयाला तो जपून ठेवायला हवा होता. हायस्लांच्या रीतीने असा खांब उभ्या जागी झिजतो, कोसळतो, मातीत मिसळतो. तेव्हाच त्याचं काम पूर्ण होतं. मला त्यांचंच म्हणणं पटतं. तो त्यांच्या मेलेल्या माणसांचा खांब आहे.