चित्र बघू की खालचं वाचू?

आमच्या बडोद्याच्या फिल्म क्लबचे खेळ महिन्यातून दोनदा, रविवारी संध्याकाळी होतात. दाराशी टेबल टाकून पावत्या फाडणारी बाई म्हणजे मी. बँकेतून निवृत्त झाले, टेबल काही सुटलं नाही. खेळ संपल्यावर जिन्यात जे विचारलं जातं, तेच आता पत्रांतून संपादकांकडे यायला लागलंय. या वेळी पाच पत्रं आहेत, आणि पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय.

प्रश्न: आम्ही दोघं नवरा-बायको (वय 70 आणि 66) वर्षभर तुमच्या खेळांना येतोय. सबटायटल वाचेपर्यंत चित्र निघून जातं, चित्र बघावं तर बोलणं हुकतं. मुलगा म्हणतो, हे सिनेमे तुमच्यासाठी नाहीत. खरंच नाहीत का?
(एक वाचक, दांडिया बाजार)

ताई, तुम्ही दोघं तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसता, हो ना? मला दारातून सगळं दिसतं. दोष तुमच्या समजुतीचा मुळीच नाही. खुर्चीचा आहे.

आमचा हॉल सपाट आहे, थिएटरसारखा उतार नाही. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण सव्वाचार फुटांवर येतं, आणि आमच्या पडद्याची खालची कड कित्येक वर्षं साडेतीन फुटांवर होती. म्हणजे सबटायटल नेमकी पुढच्याच्या डोक्यामागे. पुढे अंबाडा असेल आणि अंबाड्यावर गजरा, तर इटलीतला बाप पोराला काय म्हणाला ते त्या गजऱ्यालाच ठाऊक. लोक माना वाकड्या करून अर्धं वाक्य पकडायचे आणि घरी जाऊन तुमच्या मुलासारखंच म्हणायचे. इकडे कमिटीत आमची चर्चा चालायची, प्रेक्षकांची अभिरुची कशी घडवावी! शेवटी पडद्याची चौकट दुरुस्त करायला आलेला सुतार मागच्या खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "बेन, नीचेनुं तो कशुं देखातुं ज नथी." पडदा दीड फूट वर गेला. अभिरुची पुढच्याच खेळापासून सुधारली.

आता तुमची तिसरी रांग. पुढे बसलं की मान वर करावी लागते. तुमचा चश्मा दुहेरी असणार (आमच्या वयात कुणाचा नसतो?). मान वर केली की डोळे काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून बघायला लागतात, आणि दूरचं अंधुक होतं. शिवाय पुढून पडदा इतका मोठा दिसतो की चेहऱ्यावरून अक्षरांवर यायलाच नजरेला प्रवास पडतो. मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधोमध बसा. तिथून चित्र आणि अक्षरं एका नजरेत मावतात. पंखा तिथेही आहे, फक्त आवाज जास्त करतो.

आणखी एक. सबटायटल म्हणजे सगळं बोलणं नव्हे. एका वेळी फार तर 2 ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि तीही 6-7 सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाहीत. तेवढ्यात बसवायचं म्हणून भाषांतर करणाऱ्याने आधीच कात्री चालवलेली असते. तेव्हा एखादी ओळ हुकली तर हुकू द्या. मागची ओळ आठवत बसलात तर पुढच्या दोन जातील.

सुरुवात कमी बोलणाऱ्या सिनेमापासून करा. किआरोस्तामींचा 1987चा इराणी सिनेमा आम्ही दाखवला तेव्हा तुम्ही नव्हता बहुतेक, 'मित्राचं घर कुठे आहे?' अशा अर्थाच्या नावाचा. एका मुलाकडे वर्गमित्राची वही चुकून आलेली असते. मास्तरांनी त्या मित्राला दम दिलेला, पुन्हा वहीत गृहपाठ दिसला नाही तर शाळेतून काढीन. हा पोरगा ती वही परत करायला शेजारच्या गावी जातो, एवढीच गोष्ट. तो घरातल्या मोठ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत असतो आणि कुणी ऐकत नाही. आमच्याकडे एक आजी अंधारात मोठ्याने ओरडल्या, "अरे, त्याचं ऐकून तर घ्या!" त्यांनी एकही सबटायटल वाचलं नव्हतं, चश्मा घरी राहिला होता. पण कान होते. फारसीत वहीला 'दफ्तर' म्हणतात. आपल्या पोरांच्या पाठीवरचं दप्तर तेच. 'दोस्त' तर आहेच. निम्मा सिनेमा आजींना कानांनीच कळला.

आणि काका तुम्हाला हळू आवाजात वाचून दाखवणार असतील तर खुशाल दाखवू द्या, फक्त शेवटच्या रांगेत. एक मुलगी आपल्या आईला ओळी मराठीत करून सांगायची तेव्हा मीच तिला "शूऽऽ" केलं होतं. नंतर लाज वाटली. जपानात मूकपटाच्या काळी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचा, त्याला बेन्शी म्हणत. जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा थोरला भाऊ हेच काम करायचा. लोक बेन्शीसाठी तिकीट काढत, आणि मी आमच्या बेन्शीला गप्प बसवत होते. आता त्या दोघींना कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या ठेवलेल्या असतात.

प्रश्न: हे सगळे सिनेमे मोबाईलवर आहेत. मग खुर्च्या टोचत असताना हॉलमध्ये का यायचं?
(एक वाचक, मांजलपूर)

नका येऊ. मीही घरी बघते.

पण माझंच एक सांगते. जपानी दिग्दर्शक ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (1953, सव्वादोन तासांचा) मी आधी घरी पाहिला, चार दिवसांत. मध्ये गॅसवाला, मध्ये नणंदेचा फोन, आणि संथ वाटलं की बोटाने दहा सेकंद पुढे. म्हातारं जोडपं मुलांकडे टोकियोला येतं, मुलांना वेळ नसतो, म्हणून त्यांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. महिन्याभराने तोच सिनेमा हॉलमध्ये लावला. अतामीच्या समुद्राकाठी दोघं बांधावर बसलेत, आजी उठायला जाते आणि तिला क्षणभर घेरी येते. मी म्हटलं, हे कधी झालं? हे तर मी पाहिलंच नव्हतं! ते माझ्या दहा सेकंदांत गेलं होतं. पुढचं सगळं त्या घेरीवर उभं आहे. माझ्या मागे बसणारे एक करडे निवृत्त इंजिनिअर आहेत, हिशोब तपासताना कमिटीला रडवतात. त्या प्रसंगाला ते खोकल्याचं निमित्त करून नाक पुसत होते.

खुर्च्या टोचतात हे मान्य. उशी घेऊन या, बरेच जण आणतात.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एक चांगला सिनेमा दाखवायचा विचार आहे. प्रोजेक्टर कुठला घ्यावा? परवानगी लागते का?
(सोसायटीचे सेक्रेटरी, वाघोडिया रोड)

भाऊ, प्रोजेक्टर शेवटी घ्या. आधी एका संध्याकाळी हॉलचे दिवे बंद करून नुसते आत बसा. कुठून उजेड येतो ते बघा. पार्किंगची ट्यूबलाइट, काचेचं दार, लिफ्टचा लाल आकडा. काळा जाड पडदा प्रोजेक्टरपेक्षा स्वस्त पडतो आणि चित्रात जास्त फरक पाडतो. अंधार नीट असेल तर 3000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) साधा प्रोजेक्टर पुरतो.

मग अंतर. प्रोजेक्टरच्या खोक्यावर 'थ्रो रेशो' लिहिलेला असतो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट. तो 1.5 असेल तर 8 फूट रुंद चित्रासाठी 12 फूट अंतर लागतं. हे न बघता घेतलेल्या प्रोजेक्टरवर आमच्या एका ओळखीच्या मंडळाने वर्षभर टपाल कार्डाएवढा सिनेमा पाहिला. पडद्याची खालची कड पाच फुटांवर ठेवा (कारण वर सांगितलंच), आणि खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडा. आवाजासाठी लग्नातले मोठे भोंगे नकोत. दोन साधे स्पीकर कानाच्या उंचीवर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना.

परवानगी लागते. विकत घेतलेली डिस्क किंवा मोबाईलवरचं सभासदत्व घरच्या बघण्यासाठी असतं. चार घरं जमवून दाखवायचं तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचं लेखी पत्र हवं. दिग्दर्शकाला सरळ लिहा. स्वतंत्रपणे सिनेमा करणारी तरुण मुलं अनेकदा चटकन हो म्हणतात, आणि जाण्यायेण्याचं भाडं दिलं तर स्वतः येतातही. आपल्याकडे चित्रपटाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतात. त्यामुळे जुन्या भारतीय सिनेमांना वाट मोकळी आहे, पण नव्याने केलेली सबटायटल कुणाची आहेत ते विचारून घ्या. पुढे रीतसर सोसायटी करावीशी वाटली तर फिल्म सोसायट्यांचा महासंघ आहे. तो 1959 साली निघाला, पहिले अध्यक्ष सत्यजित राय.

मराठी सबटायटल स्वतः करणार असाल तर फाईल यूटीएफ-8मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) साठवा. हे वाक्य मी अनुभवाने लिहितेय. दोन महिने खपून केलेलं माझं पहिलं मराठी भाषांतर पडद्यावर चौकोन चौकोन चौकोन असं उमटलं. दहा मिनिटं लोकांना वाटलं, सिनेमाच प्रायोगिक आहे.

तारखा ठरवताना नवरात्राच्या नऊ रात्री आणि उत्तरायण सोडा. गरब्यापुढे आणि पतंगापुढे बडोद्यात कुणाचंच चालत नाही, स्वीडनच्या थोर दिग्दर्शक बर्गमनचंही नाही.

प्रश्न: 11 वर्षांच्या मुलीला घेऊन आलो होतो. मध्येच नको तो प्रसंग आला आणि आम्हाला उठून जावं लागलं. पत्रकावर सूचना का नव्हती?
(एक पालक, कारेलीबाग)

चूक माझी. तो सिनेमा मी वीस वर्षांपूर्वी पाहिला होता आणि शपथेवर सांगते, तो प्रसंग मला आठवतच नव्हता. आठवणीचं सेन्सॉर बोर्ड सरकारी बोर्डापेक्षा कडक निघालं. आता खेळाच्या आधीच्या आठवड्यात कमिटीतले दोघं अख्खा सिनेमा बघतात, आणि पत्रकावर वय छापतो. तुमच्या तीन पावत्यांचे पैसे पाकिटात घालून ठेवलेत, टेबलाच्या खणात आहेत.

मुलीला मात्र त्या दिवशीचं विचारा. जाताना ती दारात मला म्हणाली, "आजी, त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?" सांगा तिला, कुत्रा सुखरूप आहे.

(याच वाचकांनी ताजा कलम घातलाय: चर्चेत एकच गृहस्थ अर्धा तास बोलतात, त्यांना कुणी आवरत का नाही? आवरतो. ते उभे राहिले की मी पंखे बंद करते. पूर्वी मात्र चर्चेचा वेगळाच धोका होता. 16 एमएमच्या, म्हणजे रिळांवरच्या फिल्मच्या काळी आमच्याकडे प्रोजेक्टर एकच, 'राशोमोन' चार डब्यांत आलेला, डबा बावीस मिनिटांचा, आणि ऑपरेटरने तिसरा डबा दुसऱ्याच्या आधी लावला. एकच घटना प्रत्येक जण वेगळी सांगतो असा तो सिनेमा! सत्य सापेक्ष असतं यावर तासभर चर्चा रंगली. डबे उलटे लागले होते हे ऑपरेटरने चहा पिताना सांगितलं.)

प्रश्न: आमच्या बाई म्हणाल्या, दादासाहेब फाळके बडोद्यात शिकले. खरं का? ते कुठे राहायचे?
(इयत्ता सातवीतला विद्यार्थी, रावपुरा)

खरं आहे, बाळ. ते इथल्या कलाभवनात होते, आणि छायाचित्रण इथेच शिकले. कलाभवन तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. आता तिथे विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आपल्या शहराला चित्रं दाखवायचा नाद जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या पुस्तकालय खात्यात एक शाखाच अशी होती की गावोगाव जाऊन मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र) आणि सिनेमा फुकट दाखवायची.

'राजा हरिश्चंद्र' मुंबईत 1913च्या मे महिन्यात लागला. पण त्याच्या आधी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती, ती मला जास्त आवडते. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर लावलं तर काय, रोप डोळ्यांदेखत भराभर वाढतंय! ते बघून त्यांना पैसे देणारा माणूस मिळाला. हे तू घरच्या मोबाईलवर करू शकतोस. कुंडी आणि मोबाईल दोन्ही हलता कामा नयेत, आणि रोज एकाच वेळी फोटो काढ. वाटाणा दिवाळीनंतर पेर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो उगवत नाही, मी करून पाहिलंय.