डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हटलं

ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. सोमवारी सहाचा पाढा घडाघडा म्हणतो, मंगळवारी पाटी कोरी. दुकानात तीन वस्तू आणायला पाठवलं तर एकच आणतो, उरलेल्या पैशांचा पत्ता नसतो. वर्गातल्या मुलांच्या पेन्सिली दप्तरात सापडतात, विचारलं की दर वेळी नवी गोष्ट. यंदा रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर नेलं, तर कान दाबून असा आकांत केला की अर्ध्यातून परतलो. त्याचे बाबा हात उगारतात. तो पोटात होता तेव्हा मी एका वायनरीत पाहुण्यांना टेस्टिंग द्यायचे. रोज घोट-दोन घोट, शनिवारी सगळ्यांबरोबर तीन-चार ग्लास. दिवस गेल्याचं तिसऱ्या महिन्यात कळलं, त्याच दिवशी सोडलं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, “गरोदरपणात दारू घेतली होती का?” शेजारी सासूबाई होत्या. मी नाही म्हटलं. हे माझ्यामुळे झालं का? आता सांगू का?
– एक आई, गंगापूर रोड, नाशिक

सांग. या आठवड्यातच सांग, आणि एकटी जा. वेळ घेताना एवढंच म्हण, “मुलाबद्दल पाच मिनिटं एकटीने बोलायचंय.” रुग्णाची गोष्ट बाहेर न फोडणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं. खरं तर हा प्रश्न सासूसमोर विचारायलाच नको होता. आपल्याकडे तो एक तर विचारत नाहीत, नाहीतर उत्तर ‘नाही’च असणार असं धरून विचारतात.

घाई का करतेय ते सांगते. तू लिहिलेलं सगळं ज्या अवस्थेत दिसतं, तिचं नाव फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे एफएएसडी. पोटात असताना दारू पोचली की बाळाच्या मेंदूच्या घडणीत कायमचा फरक राहू शकतो. १९७३ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी यातल्या सर्वांत ठळक प्रकाराला नाव दिलं. त्यात चेहऱ्यावर खुणा असतात: डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांमधली खळी सपाट. पण अशा खुणा थोड्याच मुलांत दिसतात. बाकीच्यांचा चेहरा चारचौघांसारखा असतो, बुद्ध्यांकही पुष्कळदा ठीक असतो. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून याचं निदान होत नाही. मग डॉक्टरांच्या हातात उरतं ते तुझं उत्तर. ते ‘नाही’ असेल, तर ते एडीएचडीपाशी, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या निदानापाशी थांबतील किंवा ‘लाडावलाय’ म्हणून परत पाठवतील.

तुझ्यामुळे झालं का? दारू नाळेतून बाळापर्यंत पोचते आणि त्याच्या कोवळ्या यकृताला ती झेपत नाही. वाइन असो, बिअर असो की देशी, बाळासाठी सारखीच. गरोदरपणात अमुक एवढी चालते, असा सुरक्षित आकडा नाही. तेव्हा हो, संबंध असू शकतो. खात्री तपासणीनंतरच होईल, कारण कान, डोळे, थायरॉइड, जनुकीय कारणं हेही बघावं लागतं. खोटा धीर मी तुला देणार नाही. पण तुला माहीत नव्हतं, आणि कळलं त्या दिवशी तू ग्लास खाली ठेवलास. मेंदू नऊही महिने घडत असतो. पुढचे सहा महिने तू त्याला जपलंस, तेही तितकंच खरं. आपल्या या द्राक्षांच्या जिल्ह्यात ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’ असं शिकलेल्या घरांतही मी ऐकलंय. ते सगळं ओझं तू एकटीने का वाहायचं?

आता त्याच्या बाबांचा हात. तो आधी थांबला पाहिजे. मुलगा करत नाही असं नाही गं, त्याला करता येत नाही. पाढा त्याच्या डोक्यात असतो, पण हवा तेव्हा हाती लागत नाही. आठवणीत पडलेली भोकं तो सुचेल त्याने बुजवतो आणि ते त्याला स्वतःलाही खरंच वाटतं. आपण त्याला थापा म्हणतो. पेन्सिल दिसते, ती ‘दुसऱ्याची’ आहे हे दिसत नाही. कालच्या चुकीचा आज मार बसला, ही सांगडच त्याला घालता येत नाही. उरते नुसती भीती. म्हणून पुढच्या भेटीला बाबांना सोबत ने, आणि दारूची गोष्टही तिथेच, डॉक्टरांसमोर त्यांना सांग. सासूबाईंना सांगायचं की नाही ते सावकाश ठरव. निदान त्यांच्यावाचून अडत नाही.

घरात ‘का केलंस?’ हा प्रश्न बंद. त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि तू विचारलंस की त्याला ते बनवावं लागतं. त्याच्या प्रत्येक वस्तूला लाल चिकटपट्टी लाव. शाळेतून आला की दोघं मिळून दप्तर आवरा, पट्टी नसलेलं दुसऱ्या दिवशी परत द्या, आवाज न चढवता. दुकानातून एका वेळी एकच वस्तू, चिठ्ठी आणि मोजके पैसे. ‘अर्ध्या तासात आंघोळीला जा’ त्याला कळणार नाही. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की आंघोळ’ कळेल. रहाडीवर ढोल, पाणी, धपाधप उड्या मारणारी माणसं, सगळं एकदम अंगावर येतं. पुढच्या रंगपंचमीला गच्चीवर बादलीभर रंग आणि दोन मित्र बोलाव. आणि चार महिन्यांनी ‘आता शिकला’ म्हणून यातलं काही काढून घेऊ नकोस. तो आधार आहे म्हणूनच जमत असतं.

प्रमाणपत्राचं थोडं अवघड आहे. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एफएएसडी नावानिशी नाही. पण तपासणीत अध्ययन अक्षमता किंवा बौद्धिक अक्षमता निघाली, तर प्रमाणपत्र मिळू शकतं आणि दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, सिव्हिलमध्ये चौकशी कर. रात्री-बेरात्री तुझाच जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

जाण्याआधी एका कागदावर लिही: कोणत्या महिन्यापर्यंत, आठवड्यातून किती दिवस, एका वेळी किती ग्लास. तिथे बसल्यावर शब्द फुटला नाही, तर तो कागद डॉक्टरांपुढे सरकव.