सणापूर्वीच उचलत का नाहीत?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट फुटले. पोलिसांकडे आता एआय आलंय म्हणतात, मग आधी कळत कसं नाही? आणि पलीकडे पारध्यांची पालं आहेत. त्यांना सणापूर्वीच उचलत का नाहीत?
– एक वाचक, पुणे

उत्तर (निवृत्त पोलिस निरीक्षकांकडून) : उचलत होतो हो. मी स्वतः उचललेत. वसुबारस आली की वरून तोंडी आदेश यायचा आणि पालांवरची तीन-चार पोरं कलम १५१ खाली, म्हणजे गुन्हा होण्याआधीच ताब्यात घेण्याच्या कलमाखाली, आणून बसवायची. चोवीस तास आत, मग सोडायचं, पुन्हा आणायचं. एका वर्षी ती लॉकअपमध्ये असतानाच तीन घरं फुटली. दीड महिन्यानं चोर सापडला. शेजारच्याच इमारतीतला, कर्जात बुडालेला पदवीधर. कुठल्याच रजिस्टरला नाव नाही. दाराशी साचलेल्या दुधाच्या पिशव्या बघून घरं हेरायचा. त्या पोरांपैकी एकाची बायको म्हणाली, ‘‘सायेब, आता तरी खात्री पटली का?’’ मी तिच्यासाठी चहा मागवला. दुसरं काय करणार होतो?

तुमच्या एआयचं म्हणाल, तर लॉस एंजेलिस पोलिसांनी हे करून पाहिलंय. भूकंपानंतरच्या धक्क्यांचं गणित गुन्ह्यांना लावलं आणि पुढचा गुन्हा कुठं होईल त्याचे ५०० बाय ५०० फुटांचे चौकोन नकाशावर आखले. एक घर फुटलं की आसपासची काही दिवस धोक्यात असतात, हे खरंच आहे. आमच्या हवालदारांना ते गणिताविना ठाऊक होतं. पण यंत्राला दिसतात फक्त नोंदी. पोलिस जिथं जास्त फिरतात तिथं नोंदी जास्त, म्हणून गाडी पुन्हा तिथंच. २०२० मध्ये त्यांनी ते बंद केलं. कारण पैशांचं सांगितलं, ते असो.

आपल्याकडं इंग्रजांनी १८७१ लाच कायदा करून जमात बघून गुन्हेगार ठरवले. सोलापूरला माणसं तारेच्या कुंपणात ठेवली. तो भाग अजून ‘सेटलमेंट’च म्हणवतो. कायदा १९५२ ला गेला, आमच्या मनातून गेला नव्हता. २०२४ मध्ये राज्य सरकारनं पोलिसांना एआय पुरवायला नागपूरला ‘मार्व्हल’ कंपनी काढलीय. तपासाला तिचा उपयोग होईलही. पण तिच्यात आमची जुनी रजिस्टरं भरली, तर तीही पालांकडंच बोट दाखवणार.

तुम्ही बाहेरून दिसणारं कुलूप काढून लॅच बसवा, गावाला जाताना दूध-पेपर बंद करा. आणि दुसरा फ्लॅट पहिल्यानंतर किती दिवसांनी फुटला, तेवढं मला कळवा.