मंगळवारी चार म्हणजे चारच

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकत असून, गंभीर आजारी मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेत माझी तीन महिन्यांची इंटर्नशिप नुकतीच सुरू झाली आहे. मुलांसोबत काम करायला मिळेल या अपेक्षेने मी आले होते. प्रत्यक्षात आठवड्यातले चार दिवस नोंदी करणे, पत्रे पाठवणे आणि पालकांना फोन करणे यातच जातात. फक्त मंगळवारी खेळघरात मुलांजवळ बसता येते. त्या एका दिवसाचीही मला धास्ती वाटते. मुलाने काही अवघड विचारले तर काय बोलावे? मला रडू आले तर? आणि कार्यालयातल्या या कामातून खरोखर काही शिकायला मिळते का, की मी दुसरी संस्था शोधावी?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : संस्था बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण कार्यालयातल्या कामाकडे तुम्ही ज्या नजरेने पाहता आहात त्याच नजरेने सुरुवातीला मीही पाहत होते, आणि त्याची किंमत एका आईला मोजावी लागली. मी ज्या संस्थेत होते तिथे मुलांच्या वाढदिवसाला शुभेच्छापत्र पाठवण्याची पद्धत होती. एक मुलगा गेल्याचा निरोप वॉर्डातून आला, तो मी माझ्या वहीत टिपून घेतला आणि मुख्य यादीत उद्या चढवू म्हणून ठेवून दिला. दोन महिन्यांनी फुग्यांचे चित्र असलेले पत्र त्याच्या नावाने घरी जाऊन पोहोचले. आईने ते परत पाठवले. सोबत चिठ्ठी नव्हती, पाकीट मात्र पुन्हा नीट चिकटवलेले होते. क्षमा मागण्यासाठी मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “त्याचं नाव दिसलं तेव्हा आधी वाटलं, कुणाला तरी त्याची आठवण आहे.” त्या दिवसानंतर कोणताही निरोप मी दुसऱ्या दिवसावर ठेवलेला नाही. तुम्हीही ठेवू नका. पत्रांची यादी, फोनची यादी आणि मुलाची फाईल या तिन्ही ठिकाणी एकच नोंद त्याच दिवशी पोहोचली आहे ना, हे स्वतः उघडून पाहा.

फोन करण्याच्या कामाबद्दल तर मला अधिकच आग्रहाने सांगायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. निदान उशिरा होणे किंवा न होणे ही त्यामागची मोठी कारणे आहेत, आणि त्यांच्याच जोडीला उपचार अर्धवट सुटणे हेही एक कारण आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. एवढ्या काळात प्रवासाचा खर्च, बुडणारी रोजची कमाई, घरी मागे राहिलेले दुसरे मूल, किंवा मूल आता बरे दिसते आहे म्हणून वाटणारा दिलासा, यांपैकी कशानेही एखादी तारीख चुकते, आणि एक चुकली की पुढची चुकणे सोपे होते. “काल तुम्ही आला नाहीत, काही अडचण आली का?” हा तुमचा फोन त्याच जागी उपयोगी पडतो. मात्र जाब विचारल्याचा सूर त्यात येऊ देऊ नका. अडचण ऐकून घ्या, लिहून घ्या आणि जो माणूस ती सोडवू शकतो त्याच्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचवा. गाडीभाडे किंवा राहण्याची सोय तुमच्या हातात नसेल, तर “बघते, होऊन जाईल” असे म्हणू नका. विचारून अमुक दिवशी कळवते असे म्हणा आणि त्या दिवशी नकार कळवायचा असला तरी फोन करा.

आता मंगळवार. तुमच्या समोर बसलेल्या मुलाच्या एका हाताला सलाईनची सुई लावून वर पट्टी बांधलेली असेल आणि तो दुसऱ्या हाताने ठोकळे रचत असेल. त्याला वेळ लागतो, ठोकळा निसटतो, आणि आपला हात आपोआप पुढे जातो. तो आवरावा. सुई कधी टोचायची, काय खायचे, कधी उठायचे, हे सारे त्याच्यासाठी इतरांनी ठरवलेले असते. खेळाच्या त्या पाऊण तासात तरी मनोरा कुठे पडायचा ते त्याला ठरवू द्यावे. त्याने सांगितले तर खालचा ठोकळा धरून ठेवा. तो “आज नाही खेळायचं” म्हणाला तर “बरं” म्हणा आणि मनाला लावून घेऊ नका, कारण डॉक्टरांना देता न येणारा नकार तो तुम्हाला देऊ शकतो, ही त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते.

अवघड प्रश्न येतील. मोठी माणसे सांगत नाहीत म्हणून मुलांना काही कळत नाही, असे समजू नका. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांच्या सहवासात दीर्घकाळ राहिल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आपण मरणार आहोत हे कोणी न सांगताही मुलांना उमगलेले असते, आणि आईवडिलांना ते झेपणार नाही हे ओळखून ती त्यांच्यासमोर गप्प राहतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे “मी मरणार का?” हा प्रश्न आईऐवजी तुम्हाला विचारला जाण्याची शक्यता खरी आहे. “छे, असं बोलू नये” हे उत्तर देऊ नका. त्याने दार बंद होते. हो किंवा नाही हे सांगण्याचा अधिकारही तुमचा नाही. “तुला असं कशावरून वाटलं?” असे विचारून मूल बोलेल तेवढे ऐका. कधीकधी त्याला शेजारच्या खाटेवरचा मित्र कुठे गेला एवढेच जाणून घ्यायचे असते. त्यानंतर “हे मी समुपदेशक ताईंना सांगणार आहे, म्हणजे त्या तुझ्याशी नीट बोलतील,” असे त्याला आधी सांगा आणि मगच त्यांच्याकडे जा. कोणाला सांगणार नाही अशी शपथ कधीही घेऊ नका, कारण ती तुम्हाला पाळता येणार नाही.

रडू येईल. डोळे भरून आले तर काही बिघडत नाही. आईने तुमचे सांत्वन करावे अशी वेळ मात्र तिच्यावर आणू नये. तेवढ्यापुरते बाहेर जाऊन यावे आणि संध्याकाळी पर्यवेक्षकांशी बोलावे. तसे बोलण्याची वेळ संस्थेने ठरवून दिली नसेल, तर ती मागून घ्या.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगायला हवी. केमोथेरपीनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत कमी होतात, आणि त्या काळात साधा तापही तातडीने रुग्णालय गाठण्याचे कारण ठरतो. तुम्हाला किरकोळ सर्दी असली तरी त्या मंगळवारी जाऊ नका. कांजिण्या तर अंगावर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू शकतात. तुमच्या घरात किंवा वसतिगृहात कोणाला त्या झाल्याचे नंतर कळले, तरी लाज न बाळगता लगेच संस्थेला कळवा. आणि जाता येणार नसेल तेव्हा मुलासाठी निरोप ठेवा. मंगळवारी चार वाजता येते असे त्याला सांगितले असेल, तर तो चार वाजता दाराकडे पाहत असतो.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दीड वर्षापासून उपचार घेत आहे. एका संस्थेकडून आम्हाला खूप मदत होते. तिथे काही महिन्यांसाठी नवे इंटर्न येतात. एका ताईचा मुलीला फार लळा लागला होता; ती न सांगता यायची थांबली आणि मुलगी तीन आठवडे तिची वाट पाहत राहिली. संस्थेचे उपकार असताना तक्रार करणे योग्य आहे का?
– एक आई

उत्तर : अवश्य करा, आणि तक्रार केली म्हणजे उपकाराची फेड चुकली असे समजू नका. तुम्ही न बोलल्यास पुढचा इंटर्नही तसाच निघून जाईल आणि ते संस्थेच्या ध्यानातही येणार नाही.

थोड्या दिवसांच्या सोबतीत मुळात काही वाईट नाही. १९८२ मध्ये ऑक्सफर्डला ‘हेलन हाउस’ हे मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या आजारात रुग्णाची आणि कुटुंबाची काळजी घेणारे घर, उभे राहिले, त्याची सुरुवातही अशाच मोजक्या दिवसांच्या मदतीतून झाली : हेलन नावाच्या गंभीर आजारी मुलीला एका ननने अधूनमधून काही दिवस आपल्याकडे ठेवून घेतले, म्हणजे तिच्या आईवडिलांना विसावा मिळावा. ते दिवस किती, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचे. तुमच्या मुलीला नेमके तेच ठाऊक नव्हते.

म्हणून संस्थेकडे दोन गोष्टी मागा. नव्या इंटर्नने आपण कोणत्या तारखेपर्यंत आहोत हे पहिल्याच भेटीत मुलीला सांगावे आणि शक्य तर तिच्या दिनदर्शिकेवर तिच्याच हाताने खूण करून घ्यावी. शेवटची भेट ही निरोपाची भेट आहे असे आधीच्या भेटीत सांगून ठेवावे, म्हणजे मुलीला चित्र काढून द्यायचे असेल किंवा रुसून बसायचे असेल, तर तेवढा अवधी मिळेल.

त्या ताईबद्दल मुलीशी आजही बोलता येईल. तिचे शिकण्याचे महिने संपले म्हणून ती गेली, आणि तिने सांगून जायला हवे होते, ते तिचे चुकले, हे सांगा. मग थोडे थांबून, “तुझं काही चुकलं नव्हतं,” हेही वेगळे सांगा. बहुतेक मुले स्वतःहून ते विचारत नाहीत.